मातामाय उठून गेली तेव्हा

बा, तुला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी तुझ्यावरचा राग काही जात नाही.

आपल्या ढिवरांच्या वस्तीत बघण्यासारखं होतं तरी काय! कन्हान नदीच्या घाटाच्या झिजलेल्या पायऱ्या, डोंगे बांधायचा उंबर, आणि निंबाखाली मातामाय, शेंदूर फासलेला दगड. पण तू गोष्टी अशा सांगायचास की कामठीच्या बाजाराला निघालेल्या बाया डांगरांच्या टोपल्या खाली ठेवून ऐकत बसायच्या. तुझा आजा डोंग्यातून उतरला, त्याला मातामाय दिसली, तिथंच त्यानं चूल मांडली. जिथं मातामाय तिथं गाव. तिला कोणी हात लावायचा नाही, शेंदूरसुद्धा निंबाच्या काडीनं लावायचा. हे तूच शिकवलंस मला.

मग वीजघरानं राख टाकायला आपली जागा मागितली, बदल्यात नोकऱ्या आणि वर नव्या वसाहतीत क्वार्टर देऊ म्हणाले. पुरुष लगेच तयार झाले, आई अडून बसली. "मातामाय इथं हाय, मी काहून जाऊ?" तिच्या मागं साऱ्या बाया. त्याच पावसाळ्यात पूर आला, आपण सगळे टेकाडावर गेलो. पाणी ओसरल्यावर बघतो तर निंबाखालची जागा रिकामी, आणि मातामाय वर, नव्या वसाहतीच्या फाट्यावर. तू सगळ्यांसमोर हात जोडलेस. "पाहा गा, माय सोताहून उठून आली. आता आपल्यालेबी जा लागते." आईनं चुलीची माती पदरात बांधली आणि मुकाट्यानं निघाली. क्वार्टरमध्ये ती कधी रमली नाही. नळाचं पाणी बोलत नाही म्हणायची. झुरून झुरून गेली.

तिच्या तेरवीनंतर तू ओट्यावर तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटत बसला होतास. मी मातामायला नैवेद्य घेऊन निघाले, तर हसलास. "दगड होता वं तो. मी अन् ठेकेदाराच्या माणसानं बैलबंडीत घालून आणला. नोकरी भेटली, तुले शिकवता आलं."

"आईले सांगितलं होतं?"

"तिले काहून सांगू? तिच्यासाठीच तं आणला."

तू तिच्याशी भांडला असतास, हाताला धरून ओढत नेलं असतंस, तरी मी विसरले असते. पण तिचा जिच्यावर भरवसा, तिलाच तू बंडीत घातलंस, आणि वर सगळं माझ्या शिक्षणाच्या नावावर खपवलंस. त्या शिक्षणावर मी मास्तरीण झाले, पोरांना खरं बोला म्हणून शिकवत राहिले. प्रत्येक वेळी तू आठवायचास आणि माझं डोकं फिरायचं.

आता तिथं राख आहे. घाट नाही, उंबर नाही. हे पत्र लिहून मी उशीखाली ठेवणार, दुसरं काय करणार!

परवा नव्या सुनेला फाट्यावर पाया पडायला नेलं. तिनं विचारलं, "आई, इले इथं कोनं आणलं?" तुझं नाव अगदी ओठांवर आलं होतं, बा. पण मी म्हटलं, सोताहून आली.