तिसरी हाक

सोम., १७ नोव्हें.
साक्रीच्या पलीकडची, डोंगराकडची शाळा. कान तपासणीचा पहिला दिवस. पोराच्या पाठीमागे उभं राहायचं, हळू एक शब्द बोलायचा, त्याने तो परत म्हणायचा. इतकं सोपं. आंबा म्हटलं, गप्प. पाटी म्हटलं, गप्प. अख्खा वर्ग बहिरा! शेवटी स्वतःच्याच आवाजाची शंका यायला लागली.

मुख्याध्यापक गुरुजी पोट धरून हसले. "ताई, मागून आलेल्या पहिल्या हाकेला या गावात कोणी ओ देत नाही. दुसरीलाही नाही. तिसरी आली म्हणजे माणसाची."

पुढच्या बाकावरची पोरगी म्हणाली, "आयकू उनं व्हतं ना. पन तुम्ही एकच डाव बोलनात."

संस्थेच्या प्रशिक्षणात हे कोणी सांगितलं नव्हतं. परतताना जीपमध्ये एकटीच हसत होते.

मंगळ., १८
आज प्रत्येक शब्द तीनदा. सगळी पास, रेवा सोडून. तिसरीतली, बारीक चणीची. दोन्ही कान वाहतात, पडद्यांना भोकं. मोठ्याने बोललं तरी पत्ता नाही. धुळ्याला ऑपरेशन लवकर हवं, नाहीतर आहे तेही जाईल.

सामान आवरत होते. वर्ग शांत. रेवा मागच्या खिडकीकडे वळली आणि स्पष्ट म्हणाली, "उनू." आपण 'आले' म्हणतो तसं. हाक कोणीच मारली नव्हती. बाकीच्या पोरांनी माना खाली घातल्या. खिडकीकडे एकानेही पाहिलं नाही. मी पाहिलं. नाला, पळसाची झाडं, भर दुपारचं ऊन.

रिपोर्टमध्ये हे कुठे लिहायचं?

गुरु., २०
रेवाच्या घरी गेले. आई कांदे लावून नुकतीच आलेली, हात चिखलाचे. ऑपरेशन नको म्हणते.

"मोठी पोरले चांगलं आयकू ये. नालाकडथून हाक उनी, तिनी पहिलीलेच ओ दिधी. गयी. बंधारामा सापडनी. हिले आयकू येस नही, म्हनीसन वाचनी."

एरवी मी अंधश्रद्धेवर भाषण ठोकलं असतं. आज फॉर्म घडी करून पिशवीत ठेवला. त्या 'उनू'चं तिला कुठे माहीत आहे. सांगावं तर बाईचा होता तो आधार जातो, न सांगावं तर पोरीचे कान जातात. चहा प्यायले आणि उठले. भित्री आहे मी, दुसरं काय.

सोम., २४
रेवाच्या आईला 'उनू'चं सांगून टाकलं. राहवेना.

आईने चुलीतलं लाकूड मागे ओढलं. मग म्हणाली, "ती हाक तिले आयकू येसच ना. मंग मनी, मायनी बी येऊ द्या."

जीपमध्ये रडू आलं. ड्रायव्हर नाना माझ्याकडे न बघता म्हणाले, आज धूळ फार उडतेय, काच लावा.

शनि., १० जाने.
धुळे. उजव्या कानाचं ऑपरेशन डिसेंबरात झालं, आज तपासणी. डॉक्टर म्हणाले, पडदा छान धरलाय. आईलाच मागे उभं केलं, हळू हाक मारायला सांगितली.

"रेवा." काही नाही. डॉक्टरांचा चेहरा पडला. मी म्हटलं, थांबा हो जरा.

"रेवा." काही नाही. मला घाई नव्हती, मी आता त्याच गावची. तिसऱ्या हाकेसाठी आईने तोंड उघडलं, पण आवाज फुटलाच नाही.

"उनू," रेवा म्हणाली.

डॉक्टर खूश, त्यांना वाटलं तिसरी हाक आईनेच हळू मारली. फाइलवर बरोबरची खूण करून टाकली. रेवा आईकडे वळली नव्हती. खिडकीकडे बघत होती, आणि खिडकी तर बंद. आईने तिचं मनगट धरलं आणि माझ्याकडे पाहिलं. ती हाक कोणी मारली, हे आम्ही एकमेकींना विचारलं नाही.

डाव्या कानाची तारीख आईनेच मागून घेतली. लवकरची द्या म्हणाली. बसमध्ये बसेपर्यंत मनगट काही सोडलं नाही.