दीनाच्या लोणच्यातले सोडियम

सोमवार, ३ नोव्हेंबर २०२५
रक्तदाब पुन्हा चढला. डॉक्टरांनी मीठ तोडले. अंमलबजावणी एंजलकडे — माझी कन्या, त्यातून परिचारिका!
"पप्पा, आईचं लोणचं बंद. रविवारी बरणी शेजारच्या चांगुणामावशींना देऊन टाकते."
दीनाला जाऊन तीन महिने झाले. तिच्या हातची ही शेवटची बरणी. "मोजल्याशिवाय मनाई करणे अशास्त्रीय आहे," एवढेच म्हणालो.
"मग मोजा! लॅब तुमचीच आहे. कमी निघालं तर खुशाल खा."

मंगळवार, ४ नोव्हेंबर
'खासगी नमुने आणू नयेत' ही प्रयोगशाळेतील पाटी मीच लावलेली आहे. म्हणून फोडी डब्यात, डबा मिटलेल्या छत्रीत. स्वच्छ उन्हात छत्री पाहून वॉचमन हसला.
राख केली, आम्लात विरघळवली, मिठातले सोडियम ज्योतीवर मोजणाऱ्या फ्लेम फोटोमीटरवर लावली. ज्योत पिवळीधमक — आकडा मापाबाहेर! मदतनीस गहिनीनाथ मागून डोकावला.
"सर, हे लोनचं हाय का मिठागर?"

बुधवार, ५ नोव्हेंबर
साऱ्या नोकरीत खोटा आकडा लिहिला नाही. आताही लिहिणार नाही. नमुन्याला मात्र अंघोळ घालता येईल!

गुरुवार, ६ नोव्हेंबर
फोडी दिवसभर डिस्टिल्ड वॉटरमध्ये ठेवल्या. पाणी वारंवार बदलले.
"हा विशेष नमुना आहे," मी गहिनीनाथला बजावले.
"लई विशेष दिसतोय. बाई गेल्यापासनं आज पैल्यांदा हसताय तुमी."
त्याला परीक्षानळ्या धुवायला पाठवले.

शनिवार, ८ नोव्हेंबर
अहवाल: सोडियम अत्यल्प. स्वाक्षरी, शिक्का — सर्व विधिवत. एंजलने वाचला आणि थेट गहिनीनाथला फोन लावला. त्या हरिश्चंद्राने सांगून टाकले — "सर लोनचं धूत हुते की!"
"पप्पा, या वयात कॉपी?"
बरणी उद्या जाणार.

रविवार, ९ नोव्हेंबर
चांगुणाबाई बरणी न्यायला आल्या. एंजलने माझी लबाडी तिखटमीठ लावून सांगितली. बाई हसल्या नाहीत.
"अगं पोरी, दीना ह्यांची फोड कायम आदल्या दिशी पान्यात टाकायची. मंग वरून तिखट-मोहरी लावून वाढायची. म्हनायची, ह्यांना सांगू नका, न्हाईतर मोजीत बसत्याल."
बरणी घरीच राहिली. अहवालात दुरुस्तीचे कारण उरले नाही.