रांजणातला राजा

प्यानोप्सिऑन महिना, सातवा दिवस

टेलेक्लिसने आज पुन्हा माझ्या घड्यावरच्या चित्राला नावं ठेवली. हेराक्लिसच्या मांड्या म्हणे बारीक! जन्मभर चाकावर घडे फिरवलेल्या माणसाला चित्रातलं काय कळतं? पण मालक पडला. मी मान हलवली आणि बसल्या बसल्या सूड उगवला. चित्रात हेराक्लिस जिवंत रानडुक्कर खांद्यावर घेऊन आलाय, आणि भित्रा राजा घाबरून रांजणात लपलाय – त्या राजाला टेलेक्लिसचं टक्कल दिलं. कानही त्याचेच, सुपाएवढे. हसताना कुंचला हातातून पडला.

आठवा दिवस

घडा फिलिन्नाकडे दिला. मालकाची मुलगी. आकृत्यांभोवतीची काळी जागा तीच भरते. राजाकडे बराच वेळ बघत बसली. कोण हा, म्हणाली. मी म्हटलं, राजा आहे, दुसरं कोण? कुंचला उचलून कामाला लागली.

दहावा दिवस

तिने घडा स्वतःच नेऊन भट्टीत रचला. भट्टीचं तोंड लिंपलं, भुतं आत शिरू नयेत म्हणून वर मुखवटा टांगला. मग टेलेक्लिसने मला बाजूला घेतलं. उन्हाळ्यात मामाला पाठवून मी फिलिन्नाला मागणी घातली होती, तेव्हापासून हा गप्पच होता.

"मिकिऑन, पोरगी तुलाच द्यायची ठरवलीय," म्हणाला. "कुळाच्या सणाला सगळे भाऊबंद जमतील, तिथेच सांगून टाकू. दारूही नव्या घड्यातून वाढू. तुझ्या त्या डुकराच्या."

मेलो! भरल्या पंगतीत, सगळ्या कुळासमोर, सासरा रांजणात!

अकरावा दिवस

भट्टी पेटली. आता देवालाही तो घडा बाहेर काढता यायचा नाही.

कुणी नाही असं बघून मुखवट्याखाली मधाची पोळी ठेवली. म्हटलं, भुतांनो, या मुखवट्याकडे लक्ष देऊ नका. या, आणि एकच घडा फोडा. केरामेइकोस कुंभारवाड्याच्या साऱ्या गल्ल्यांत भुतांना आमंत्रण देणारा कुंभार मी एकटाच असेन!

फिलिन्नाने पाहिलंच. सगळं सांगावं लागलं. तर ही हसायला लागली. "भुतांना कशाला त्रास देतोस?" म्हणाली आणि पाण्याला निघून गेली. रागच आला मला. इथे लग्न बुडायला आलंय आणि हिला गंमत वाटते!

बारावा दिवस

भट्टी निवतेय. दिवसभरात दहा वेळा तिच्या भिंतीला हात लावून पाहिला.

तेरावा दिवस

भट्टी उघडली. भुतांनी पोळी खाऊन तीन पेले फोडले. घडा शाबूत! इतका सुरेख काळा रंग यंदा एकाही भांड्यावर उतरला नव्हता. टेलेक्लिसने त्यावरची राख पुसली, चित्राची बाजू आपल्याकडे करून उजेडात धरला, आणि घरात घेऊन गेला. मी अंगणात खापरं वेचत बसलोय. त्यातल्याच एकावर हे ओरखडतोय. तिला गमावलं बहुतेक.

तोच दिवस, दुपार

आत बोलावलं. टेलेक्लिस डोळे पुसत होता, हसून हसून. मी घड्याकडे पाहिलं. राजाच्या डोक्यावर दाट कुरळे केस, कान त्यात बुडालेले. आणि नाक मोडकं, बसकं – लहानपणी खेचराने लाथ मारून केलेलं माझं नाक! भाजण्याआधी सगळं एकाच मातकट रंगाचं दिसतं, आणि भरायला दिल्यावर मी पुन्हा पाहिलंच नव्हतं. काळं भरता भरता तिने मलाच रांजणात बसवलं होतं.

"स्वतःवर हसणारा जावई मिळाला," टेलेक्लिस म्हणाला. "आजवर काढलेलं तुझं सगळ्यात चांगलं चित्र आहे हे."

मान खाली घालून मी ते कौतुक घेतलं. फिलिन्ना दारात उभी राहून बघत होती. आता जन्मभर ऐकावं लागणार!