त्या हॉटेलात किल्ली नसते

शांती नगर, मीरा रोड
गुरुवार, ५ डिसेंबर १९९६

प्रिय ताई,

पत्र बघून घाबरू नकोस असं लिहिणार होते, पण मीच इतकी घाबरलेय की तुला धीर द्यायचा आव कुठून आणू? सासूबाई भाजीला खाली उतरल्यात, इशिता कॉलेजात, सासरे बाहेर रेडिओ लावून पेंगतायत. पाण्याचा टँकर आज सकाळीच येऊन गेला, म्हणून दुपार तरी माझ्या वाट्याला आली. लिहितेय खरी, पण जिन्यात पाऊल वाजलं की पॅड उशीखाली सरकवतेय.

आधी बातमी सांगते. ऐकलीस तर तू म्हणशील, अगं वेडे, मग रडतेस कशाला? स्वप्नीलने दिवाळीच्या महिन्यात त्यांच्या ऑफिसात सगळ्यांत जास्त झेरॉक्स मशिनी विकल्या. त्याबद्दल साहेबांनी बक्षीस दिलंय. मुंबईत अगदी मध्यावर एक नवीन हॉटेल झालंय, एकदम स्टायलिश, तिथे एक रात्र राहायचं. नवरा-बायको दोघांनी, सकाळचा नाश्ता धरून. येत्या शनिवारी नाही, त्याच्या पुढच्या, चौदा तारखेला. हॉटेलचा गुळगुळीत रंगीत कागद घेऊन तो आला, तर चपला काढायच्या आधी समोरच्या जैनांच्या दारात उभा. काकी, देखो देखो, काचेची लिफ्ट आहे, आत उभं राहिलं की सगळा रस्ता दिसतो! सासूबाईंसमोर मी त्याला अहो म्हणते, पण तुझ्यापाशी स्वप्नीलच, कारण वागतो तो असाच, शाळेची सहल ठरल्यासारखा. इशिताने त्याला काट्या-चमच्याने घावन खायला बसवलं, तर निम्मा घावन सासऱ्यांच्या पेपरावर. सासूबाई म्हणाल्या, तुझ्या हातांना काय लकवा झालाय का रे?

मीही हसले गं. सगळ्यांच्या बरोबरीने हसले आणि मग मोरीत जाऊन नळाला पाणी नसताना नळाशी बसून राहिले.

तुला ठाऊक आहे, लग्नानंतर आम्ही गेलो ते फक्त जेजुरीला, आणि तेसुद्धा सगळ्या घराला घेऊन. इथे वन रूम किचन. बाहेर ती तिघं, आत ओट्याच्या पायथ्याशी आम्ही दोघं. बाहेर कुणी खोकलं तरी आम्ही बोलायचं थांबतो. त्यामुळे त्याला किती आनंद झालाय ते मला कळतं. म्हणतो, रसिका, एक अख्खी रात्र आपल्या दोघांची, दाराला आतून कडी, कुणी पाणी मागायला येणार नाही. झोपायचं नाही हं, अरे यार, सोने के लिए थोडी जा रहे हैं! तळमजल्यावर डिस्को आहे, राहणाऱ्यांना फुकट, तिथे नाचायचं. मग खोलीत येऊन टबात गरम पाणी भरून पडून राहायचं, मीरा रोडच्या सगळ्या टँकरांचा सूड घ्यायचा म्हणे.

आता तूच सांग ताई. जागरण नको, उघडझाप करणाऱ्या दिव्यांसमोर नको, बंद दाराआड पाण्यात एकटी नको. आपल्या डॉक्टरांनी जे जे मला नको म्हणून बजावलंय, ते ते सगळं त्या गुळगुळीत कागदावर रंगीत फोटोंसकट छापलंय. डिस्कोच्या फोटोतले ते लाल-निळे दिवे नुसते बघूनच मी तो कागद पालथा घातला. तिथे त्या चकचकीत फरशीवर, परक्या लोकांत, मला फिट आली तर? तोंडाला फेस, डोळे पांढरे, साडीचं भान नाही. आणि स्वप्नील बाजूला उभा, काही म्हणता काही माहीत नसलेला.

त्याला काहीच माहीत नाही गं. आपल्या आईने सांगू दिलं नाही. दोन स्थळांना खरं सांगितलं, दोघांनी दुसऱ्या दिवशी पत्रिका परत पाठवली. तिसऱ्या वेळी आईने आपल्या सगळ्यांना शपथ घातली. तेव्हा तू एकटीच म्हणाली होतीस, सांगून टाका, उद्या पोरगी तोंडघशी पडेल. आई तुझ्यावर कशी कडाडली होती ते आठवतं ना? हळदीच्या दिवशी तिने मला बाजूला घेऊन सांगितलं की कोर्टातल्या कारकुनाला विचारलंय, ही व्याधी लपवली असली तर नवऱ्याला लग्न रद्द करून घेता येतं, कायद्यात तशी सोय आहे. तेव्हा तोंड शिवून ठेव. आणि पाठवणीच्या वेळी गळ्यात पडून रडता रडता माझ्या पर्समध्ये कांदा सरकवला. फिट आली तर फोडून नाकाशी धर म्हणे. अगं, फिट आल्यावर मी कसा धरणार? दुसऱ्याने धरायचा, तर त्या दुसऱ्याला आधी सांगायला नको? डॉक्टर कानीकपाळी ओरडले होते की कांदा, चप्पल, हातात लोखंडी किल्ली, कशाकशाने काही होत नाही. कुशीवर वळवायचं, आजूबाजूचं लागेल असं काही बाजूला करायचं, बस. पण मीही तसलीच, अजून तो कांदा बाळगते. कोंब आला की बदलते. परवा स्वप्नील सांगत होता की त्या हॉटेलात किल्लीच नसते, प्लॅस्टिकचं कार्ड सरकवलं की दार उघडतं. मला एकदम हसू फुटलं. म्हटलं घ्या, आता तो हातात किल्ली द्यायचा उपायही गेला!

घरी कसं निभावतेय विचारशील तर गोळ्यांची पुडी मेथीदाण्याच्या डब्यात, तळाशी असते. रात्री दूध झाकायच्या निमित्ताने उठते आणि घेते. सासूबाई तो डबा कधी उघडत नाहीत, हे माझं नशीब. यंदा लोणच्यातसुद्धा मेथी पडली नाही. सासरे पहिल्याच घासाला कुरकुरले, तर या म्हणाल्या, विसरले, आता काय कोर्टात खेचता मला? एवढी सुगरण बाई लोणच्यात मेथी विसरली आणि मी सुटले. पण हॉटेलात कसला डबा आणि कसलं दूध? न्हाणीघराला म्हणे काचेचं दार आहे. बाई गं, काचेचं! असल्या ठिकाणी माणूस गोळी गिळणार कुठे?

श्रावणात एकदा आली होती. तुला कळवलं नाही, तू धावत आली असतीस. घरात मी आणि सासूबाईच होतो. शुद्धीवर आले तर मोरीपाशी आडवी, जीभ चावलेली, डोकं सासूबाईंच्या मांडीवर, आणि नाकात, हाताला कांद्याचा उग्र वास. मला वाटलं मी कांदा चिरत होते. काय झालं विचारलं तर म्हणाल्या, ओल्या लादीवर घसरलीस, धांदरट कुठली. संध्याकाळी सगळ्यांना तेच सांगितलं. मी मनात देवाचे आभार मानले की त्यांना समजलं नाही.

तू म्हणशील, नवरा एवढा चांगला आहे तर सांगून का नाही टाकत? तेच तर भय आहे. तो चांगला आहे, पण खोटं त्याला सहन होत नाही. महिपत म्हणून त्याचा लहानपणचा मित्र आहे, इथेच पूनम सागरला राहतो. त्याने काहीतरी क्षुल्लक गोष्ट लपवली, तर स्वप्नील दोन वर्षं त्याच्याशी बोलत नाही. रस्त्यात समोर आला तर फुटपाथ बदलतो. एकदा विषय निघाला तेव्हा मला म्हणाला, माणसाने मला शिव्या द्याव्यात, पण फसवू नये. मी तेव्हा तांदूळ निवडत होते. खाली मान घालून नुसते खडे शोधत राहिले.

उरलेलं नंतर लिहिते. सासूबाई आल्या वाटतं.

शुक्रवार, दुपार

ताई, काल अर्ध्यावर सोडलं ते बरं झालं. आता जे लिहितेय ते एका दमात लिहितेय. अक्षर लागलं नाही तर सावकाश वाच.

सकाळी सगळे बाहेर पडल्यावर सासूबाईंनी स्टुलावर चढून माळ्यावरची सुटकेस काढली. म्हटलं, अजून आठवडा आहे, एवढी घाई कशाला? तर म्हणाल्या, डांबरगोळ्यांचा वास गेला पाहिजे, नाहीतर तिथली माणसं म्हणतील मीरा रोडचं भूत आलं. ऊन दाखवलं, पुसली, आत माझी मोरपंखी साडी ठेवली, त्याचा इस्त्रीचा शर्ट ठेवला. मग परडीतला एक कांदा उचलला, रुमालात बांधला आणि साडीच्या घडीत ठेवला.

मी त्या रुमालाकडे बघत राहिले. त्या माझ्याकडे न बघताच बोलत होत्या. म्हणाल्या, पर्समधला तुझा सडलाय, परवा मला वास आला. आणि गोळ्या पुडीतनं काढून डबीत घे, नाहीतर त्या काचेच्या मोरीत भिजतील. तुझ्या त्या डब्यापायी यंदा लोणच्यात मेथी घातली नाही मी, म्हाताऱ्याची बोलणी खाल्ली, ती काय गोळ्या ओल्या करून घ्यायला?

जूनपासून माहीत होतं गं त्यांना. जूनपासून! लोणच्याला मेथी काढायला डबा उघडला आणि पुडी दिसली. त्यांनी ती खालच्या केमिस्टला दाखवली, कशावरची ते विचारून घेतलं आणि पुन्हा जिथल्या तिथे ठेवली. आणि मला आत्ता कळतंय, श्रावणात या घरात कांदा शिजतच नाही! मग त्या दिवशी मी कुठला कांदा चिरणार होते? त्या दिवशीचं सगळं आज सासूबाईच सांगत होत्या. मला तशी बघून आधी समोर जैनांकडे धावल्या, दार वाजवलं तेव्हा आठवलं की यांच्याकडे तर बारा महिने नसतो. मग मला कुशीवर करून, उशी लावून, अनवाणी तीन जिने उतरून भाजीवाल्याकडून आणला. श्रावणी सोमवारी कांदा घेताना बघून बायका काय म्हणाल्या असतील, देव जाणे.

मी त्यांच्या पायांवर पडायला गेले तर झटकलं. म्हणाल्या, ते नाटक नको. तुझ्या आईने आम्हाला फसवलं, त्याचा राग आहे मला आणि तो जायचा नाही. लग्नाआधी सांगितलं असतं तर मी होकार दिला असता का? नसता दिला, खोटं कशाला बोलू. पण आता तू घरातली आहेस. इतके दिवस वाट बघितली, म्हटलं ही नवऱ्याला आज सांगेल, उद्या सांगेल. या घरात तुम्हाला बोलायला जागा नाही, ते मलाही दिसतं. आता जागा मिळतेय. माझ्या पोराला कांदा कसा फोडायचा ते येत नाही, माणसाला कुशीवर कसं वळवायचं तेही येत नाही. ते तू शिकव. मी सांगणार नाही, ते काम तुझं.

मी विचारलं, त्यांनी मला टाकलं तर? असं सरळ विचारलं गं, कुठून बळ आलं कोण जाणे. सासूबाई बराच वेळ सुटकेसच्या कड्या उगाच लावत आणि काढत बसल्या. मग म्हणाल्या, पोटचा असला तरी नाही सांगता येत. मला वाटलं होतं त्या म्हणतील, तो असा नाहीच. तसं काही म्हणाल्या नाहीत.

म्हणून काय झालंय ताई, माझी भीती कमी झालेली नाही, उलट वाढलीये. काल डिस्कोचे दिवे, काचेचं दार, चारचौघांत फजिती, असल्या गोष्टींची भीती होती. आता एकच उरलीय. नाचायला न जाता, टब न भरता, त्याला समोर बसवून मी तोंड उघडेन, आणि तो उठून खिडकीपाशी जाईल आणि माझ्याकडे पाठ करेल. तेवढंच सारखं डोळ्यांसमोर येतंय. जेवण जात नाही, हातातली भांडी पडतायत. इशिता चिडवते, वहिनी हॉटेलच्या विचाराने पागल झाली. असू दे, चिडवू दे.

आता खरं सांगते. काल हे पत्र लिहायला घेतलं ते तुझ्याकडे एक तार मागायला. चौदा तारखेच्या आदल्या दिवशी तू इकडे तार करायचीस, ‘आई सीरियस, ताबडतोब या’, म्हणजे हॉटेल बारगळेल, मी गावी येईन आणि पुन्हा काही दिवस निभतील. आईच्या जिवावर असलं अभद्र मागायला निघाले होते मी, एवढी भ्याले होते. ताई, तार करू नकोस. त्याऐवजी पंधराला, रविवारी संध्याकाळी, तुमच्या वाण्याच्या दुकानात फोनजवळ बसून राहा. मी फोन करीन. रडत असले तर काही विचारू नकोस, फक्त माझं अंथरूण काढून ठेव आणि आईला इतक्यात काही सांगू नकोस. आणि फोनवर आधी स्वप्नीलचा आवाज आला, आणि त्याने विचारलं की ताई, कुठल्या कुशीवर वळवायचं, डाव्या की उजव्या, तर घाबरून जाऊ नकोस. त्याला नीट समजावून सांग. तू लहानपणापासून मला वळवत आलीयेस, तुझ्याएवढं कुणाला येतं?

तुझीच भित्री,
रसिका