‘थ्रीप’वरून झालेलं भांडण

३ मार्च १८९४
दोन शहाणे पुरुष दुपारभर एका शब्दावरून भांडले. शब्दाचा अर्थ – भांडणे! एक माझा भाऊ क्लेमेंट, इथला पाद्री. दुसरे बर्केट मास्तर, शाळेतून निवृत्त झालेले. आल्याचा केक मी केलेला. तो कसा होता, दोघांनाही सांगता येणार नाही.

शब्द आहे ‘थ्रीप’. लंडनमध्ये तो कधीच मेला. आमच्या डोंगरात धुगधुगी आहे अजून. हद्दीवरच्या कुरणाला ‘थ्रीप’च म्हणतात, कारण ते कोणाचं यावरून पणजोबांपासून जुंपलेली.

७ मार्च
क्लेमेंटच्या मते आरंभी ‘थ्रीप’ म्हणजे खडसावणं. मग आपलंच घोडं दामटत राहणं. शेवटी नुसतं भांडण. या तिन्ही पायऱ्या तो माझ्याशी एका जेवणात उतरतो – मटण कच्चं म्हणून खडसावतो, शिजलंय म्हटलं की ‘कच्चंच’ धरून बसतो, मग ताट सारतो.

मास्तर म्हणतात, घोडं दामटणं आधी, खडसावणं मागून. एवढ्यासाठी जाहीर सभा ठरली आहे. याला विद्वत्ता म्हणतात.

१४ मार्च
सभा झाली. मास्तरांनी जुन्या प्रवचनांचं पुस्तक उघडून खणखणीत आवाजात उतारा वाचला. त्यात शब्द होता, त्यांना हवा तसाच. क्लेमेंटने पुस्तक हातातून ओढून घेतलं.

“इथे तर उपासावरचं प्रवचन आहे. उतारा घरी बसून रचलात वाटतं, मास्तर?”

लोक हसले. मास्तर निघून गेले. पुस्तक आमच्याकडेच राहिलं.

मास्तर लबाड निघाले म्हणायचे.

२ एप्रिल
मास्तर येत नाहीत. आमचा विजयी वीर खिडकीशी बसून चहा गार करतो. “आले तर क्षमा करीन मी.” मागतंय कोण?

१० एप्रिल
मास्तरांकडे गेले. पुस्तक द्यायचं निमित्त. चार शब्द सुनवायचे होते. दार उघडंच. मी उजेडात समोर उभी, आणि विचारतात, “कोण?”

“डोर्कस फॉसेट.”

“अरे वा, बसा ना.” खुर्ची दाखवली. खुर्चीवर कोळशाची बादली.

मी बादली खाली ठेवली आणि बसले.

“कधीपासून, मास्तर?”

“नाताळपासून सगळी पानं कोरीच दिसतात. उतारा पाठ होता. पान चुकलं असणार.”

“मग सांगायचं होतंत तिथेच.”

“तुमचा भाऊ लबाडाशी भांडेल, बाई. आंधळ्याची कीव करेल. मला कीव नको.”

मूर्ख माणूस. अभिमानी मूर्ख. मी पुस्तक चाळलं. उतारा पुढे सापडला, शब्दन् शब्द तोच. मोठ्याने वाचला आणि म्हटलं, यावरून क्लेमेंटचंच खरं ठरतं. आधी खडसावणंच आहे इथे.

“अजिबात नाही. पुन्हा वाचा. नीट वाचा!”

मग जे जुंपलं! चहाची वेळ टळली. आजवर माझं म्हणणं खोडून काढण्याइतकं कोणी ते ऐकलंच नव्हतं.

११ एप्रिल
नाश्त्याच्या वेळी उतारा क्लेमेंटपुढे ठेवला. डोळ्यांबद्दल बोलले नाही, मास्तरांना तसं वचन दिलंय. त्याने चष्मा लावून वाचलं.

“छपाई वेगळी असेल,” म्हणाला, आणि लोणी मागितलं.

देवाने याला बोलायला व्यासपीठ दिलं, हे आमच्या गावाचं पाप.

२४ एप्रिल
“हल्ली रोज जातेस कुठे?”

“भांडायला.”

हसला. विनोद वाटला त्याला. मग म्हणे, “आणि जेवण?”

“फडताळात थंड मटण आहे. शिजलेलं.”

४ मे
मास्तर आज म्हणाले, “मी आयुष्यभर लोकांना पढवलं. पण मला ‘गप्प बसा’ म्हणणारं माणूस तुम्ही पहिलंच.” यात एवढं खूश होण्यासारखं काय आहे? घरी येताना मात्र रस्ता फार लवकर संपला. चिडले स्वतःवरच.

१३ मे, रविवार
आज क्लेमेंटने चर्चमध्ये उभं राहून वाचलं, लग्नाआधी पाद्र्याला ते वाचणं भागच असतं – जोनास बर्केट आणि डोर्कस फॉसेट यांच्या विवाहाला कोणाची हरकत असेल, तर त्याने आताच सांगावी.

मग तो बराच वेळ थांबला. कोणी बोललं नाही.