कप्तानाचं प्यादं

३ जानेवारी
नव्या वर्षाचा संकल्प एकच. इव्हान्स गँबिट या बुद्धिबळाच्या सुरुवातीचा संपूर्ण इतिहास लिहून काढणे. दोनशे पानी वही आणली. मार्चमध्ये खुली स्पर्धा आहे, त्याआधी सगळं चॅम्पियनच्या हातात पडलं पाहिजे. चॅम्पियन म्हणजे आमची मुलगी. वय एकवीस. अकराव्या वर्षी वयोगटात देशात चौथी. सध्या इथून तीन तासांवर, प्राण्यांच्या दवाखान्यात मदतनीस. पटाला हात लावून चार वर्षं झाली. विश्रांती घेतेय. मोठे खेळाडू घेतात.
आमची ही म्हणाली, चार वर्षांच्या विश्रांतीला सोडून देणं म्हणतात. हिला घोडा किती घरं चालतो तेही माहीत नाही. दुर्लक्ष केलं.

७ जानेवारी, पहाटे ५
रोज पहाटे उठणार. प्रकरण पहिलं. साधारण १८२५. एक जहाजाचा कप्तान. समुद्रावर वेळच वेळ. त्याने शोध लावला की चौथ्याच चालीला, कोणी मागितलेलं नसताना, आपलं एक प्यादं समोरच्या उंटाच्या तोंडात द्यायचं. उंटाने ते खाल्लं की त्याला हुसकावत हुसकावत आपण पटाचा मधला भाग बळकावायचा. प्यादं गेलं, वेळ मिळाला. केवढी दानत! लिहिताना गहिवरून आलं.

८ जानेवारी
उठायला आठ वाजले. थंडी.

१९ जानेवारी
झालेल्या पानांची झेरॉक्स चॅम्पियनला कुरिअरने पाठवली. वर फोन करून कप्तानाची हकिगत सविस्तर सांगितली. ती मधेच म्हणाली, बाबा, एका मांजरीला टाके घालायचेत, ठेवते. घाईघाईने स्पर्धेचं विचारलं. म्हणाली, बघते. म्हणजे होकारच. यायचं नसतं तर सरळ नाही म्हणाली असती, माझी मुलगी आहे. फॉर्म भरून टाकला. सही तिची हवी होती, मी केली.

२ फेब्रुवारी
ऑफिसात (पाणीपुरवठा, नकाशे विभाग) जलवाहिनीच्या नकाशात व्हॉल्व्हच्या जागी उंट काढला गेला. साहेबांनी विचारलं, या उंटाला पाणी कुठल्या टाकीतून देणार. सगळे हसले. काम करणाऱ्याचं मन कुठे असतं हे यांना काय कळणार.
वही जोरात. त्या शतकात उठसूट हेच गँबिट. १८५२ चा एक डाव तर 'सदाहरित' म्हणून ओळखला जातो. पठ्ठ्याने वजीर देऊन टाकला आणि उंटाने मात केली. चॅम्पियनने दहाव्या वर्षी हा अख्खा डाव पाहुण्यांसमोर डोळे मिटून म्हणून दाखवला होता. एक चाल चुकली होती. मी चारचौघांत काही बोललो नाही. पाहुणे गेल्यावर सांगितलं.

१६ फेब्रुवारी
वाईट प्रकरण. शतक संपता संपता त्या वेळच्या जगज्जेत्याने उतारा काढला. हावरटपणा करायचा नाही. खाल्लेलं प्यादं वेळेवर मुकाट्याने परत करायचं, की हल्ल्यातला जीवच जातो. लोकांनी हळूहळू गँबिट सोडलं.
ही भाजी चिरत होती. म्हणाली, ज्याचं त्याला परत दिलं की भांडण मिटतं, एवढं कळायला जगज्जेता लागला का. मग सुरी ठेवून म्हणाली, अहो, तिला एकदा नीट विचारा ना. मी म्हटलं, विचारलंय. ती बघते म्हणालीय.

२४ फेब्रुवारी
स्वतः दवाखान्यात गेलो. न कळवता. चॅम्पियन एका कुत्र्याला कवेत धरून त्याच्या कानात काहीतरी सांगत होती. मला पाहून चेहरा पांढराफटक पडला. दमते फार.
मी पाठवलेलं पाकीट तपासणीच्या टेबलाच्या आखूड पायाखाली होतं. फोडलेलं नव्हतं. टेबल मात्र जराही हलत नव्हतं. सतत नजरेसमोर राहावं म्हणून कामाच्या जागीच ठेवलंय. समाधान वाटलं.
१९९५ चं प्रकरण तोंडीच सांगितलं. अडगळीत पडलेलं हे गँबिट एका जगज्जेत्याने पुन्हा बाहेर काढलं आणि पंचविसाव्या चालीला समोरच्याने डाव सोडला. म्हटलं, बघ, शंभर वर्षांनीही परत येता येतं. ती म्हणाली, बाबा, मी स्पर्धेला येणार नाहीये. दोनदा म्हणाली.
तिला दडपण आलंय. ऐन वेळी येईल.

१७ मार्च
सकाळी ९. पट क्रमांक तीन. तिच्या नावाची चिठ्ठी लावलेली. पांढरी मोहरी! समोर एक निवृत्त नर्सबाई. त्यांनी थोडं सहकार्य केलं तर गँबिट नक्की.
९:१०. घड्याळ सुरू. नर्सबाईंनी विचारलं, मुलगी येतेय ना. म्हटलं, वाटेत आहे.
९:२५. पंचांना विचारलं, पहिल्या चार चाली मी करून ठेवू का. नाही म्हणाले.
९:४०. नर्सबाईंनी थर्मासमधला अर्धा चहा मला दिला. फोन केला. उचलला नाही. बसमध्ये आवाज असतो.
१०:१०. पंचांनी घड्याळ थांबवलं. डाव नर्सबाईंना. त्यांनी सवयीने हात पुढे केला. मिळवायला दुसरं कोणी नव्हतं, मी मिळवला.
घरी हिला म्हटलं, बस चुकली असणार. ही उठली. आत जाऊन मुलीला फोन लावला.

२३ मार्च
मुलगी आली. मी वही आणायला उठलो तर म्हणाली, बाबा, बसा.
म्हणाली, प्रत्येक स्पर्धेत पहिल्या डावाआधी मला उलटी व्हायची. आई बाथरूममध्ये पाठ चोळायची. तुम्हाला सांगू नको म्हणून मीच आईला शपथ घातली होती. हरले की तुम्ही घरापर्यंत एक शब्द बोलायचा नाहीत. मी स्कूटरवर मागे बसून तुमच्या शर्टाकडे बघत राहायचे.
मी म्हटलं, अगं, मी रागावलेलो नसायचो. तुझी कुठली चाल चुकली ते मनात शोधत असायचो.
ती म्हणाली, मी अकरा वर्षांची होते बाबा. मला कसं कळणार.
ही रडायला लागली. मी खूप वेळ वहीचं कव्हर नीट करत बसलो. मुलीनेच उठून दोघांना पाणी दिलं.

२४ मार्च
तिला बसवर सोडायला गेलो. बसला वीस मिनिटं होती. पोटची पोर, एकवीस वर्षं डोळ्यांसमोर वाढलेली, आणि बुद्धिबळ सोडून तिला विचारावं असं एक वाक्य जवळ नाही. शेवटी विचारलं, काम आवडतं का.
बोलायला लागली. तीन पायांचं एक कुत्रं आलंय, म्हणाली. कोणाला जवळ येऊ देत नव्हतं. ती रोज नुसती त्याच्या शेजारी जमिनीवर जाऊन बसायची. परवा पहिल्यांदा ते आपणहून उठलं आणि...
आणि ती थांबली. माझ्या चेहऱ्याकडे बघायला लागली. चाल करून झाली की बघायची, तशी.
काहीतरी बोलायला हवं होतं. तोंडातून निघालं, बरोबर.
ती हं म्हणाली. बस आली.
कुत्रं उठून कुठे गेलं, ते विचारायचं राहिलं.