दोन गाड्या ऐन आणि माझी धडधाकट आई

आंधळगाव, २ डिसेंबर १९७८

श्रीयुत पुंडलिकराव व्याही, मुक्काम करडी, यांना ताराचंदचा दोन्ही हात जोडून रामराम. आपण, विहीणबाई मालनबाई आणि आमची कुंता खुशाल असाल, धान घरात आले असेल, थंडीने आपला गुडघा धरला नसेल अशी आशा करतो. इकडे सारे ठीक आहे. हे वाक्य मी रिवाज म्हणून लिहीत नाही. कृपया दोनदा वाचावे.

आपल्या गावच्या मंडईच्या जत्रेत, दंडारीचा खेळ ऐन रंगात असताना, विहीणबाई मागे बसून शेजारणीला म्हणाल्या, "पहिलं बाळंतपण, तेबी पौषात, अन् त्यायच्या घरी लाकूड कमी, धूरच जास्त." (ढोलकीत मला ऐकू येणार नाही असे त्यांना वाटले असावे. डोक्यावर कापडाचे गाठोडे घेऊन मी वीस वर्षे बाजार केले. पाठ फिरवून निघालेले गिऱ्हाईक काय पुटपुटते ते ऐकत ऐकतच दुकानाचा मालक झालो.) राग आला. मी स्वतः पौषातला. त्या साली घरात जाळायला काही नव्हते म्हणून बापाने दाराची फळी फोडून आईला शेक दिला. त्याच घरात माझ्या लेकीच्या बाजेखाली विस्तव कमी पडेल, असे कोणी म्हणावे?

नाकाडोंगरीकडून जळणासाठी दोन गाड्या ऐन आणला, फोडून घेतला, आणि परसात न रचता रस्त्याकडच्या सपरीत, छपराच्या पार वाशांपर्यंत, स्वतःच्या हाताने रचला. बातमी करडीपर्यंत जावी हाच हेतू. बातमी गेली. पण घरात अठ्ठ्याहत्तर वर्षांची म्हातारी असताना एकदम एवढे लाकूड आणले की गाव काय समजते, हे मी रागाच्या भरात विसरलो.

दुसऱ्याच सकाळी शेजारचा टिकाराम आला, ढिगापुढे टोपी काढून उभा राहिला आणि हळूच म्हणाला, "दादाजी, बुडीले डाक्टरनं कितीक दिवस सांगतले?" बुडी, म्हणजे आमची आई, त्या वेळी मागच्या अंगणात कोंबडीमागे धावत होती. मी तसे सांगितले. त्याने माझ्या पाठीवर हात ठेवला. मग रांगच लागली. मी एकेकाला परतवू लागलो तर आईच म्हणाली, "कायले हाकलून राहिला त्यायले? बसू दे." तिसऱ्या दिवशी तर ती बाजेवर आडवी झाली आणि उंबऱ्याशी चप्पल वाजली की बारीक कण्हू लागली. मुरमुऱ्याचे लाडू आले, पपया आल्या. गल्लीतल्या जनाबाईने नऊ वर्षांपूर्वी भात शिजवायला नेलेला पितळी गंज डोळे पुसत परत आणला आणि माफी मागितली. (आईने दिली. आधी गंज वाजवून पाहिला.) मीही हसलो असतो, पण टिकारामने दोन हिरवे बांबू माझ्या भिंतीला टेकवले आणि म्हणाला, "कामात येतील." माझ्याच भिंतीला, पुंडलिकराव, जिला मी आठ दिवस आधी छुईच्या पांढऱ्या मातीने सारवले होते.

आणि वर आपला निरोप: घरात असे असताना सुतक यायचे, तेव्हा कुंताचे बाळंतपण करडीतच करू. हा अन्याय आहे. पोरीची खोली लिंपून तयार आहे, बाज नव्या सुताने विणली आहे, खिडकीच्या फटीत मी स्वतः चिंध्या कोंबल्या आहेत. पहिले बाळंतपण माहेरी, हा तिचा हक्क आहे. येत्या सोमवारी तिला गाडीत बसवून द्यावे. आईला खणखणीत पाहण्यासाठी आपणही यावे.

आपला,
ताराचंद

ता. क. आई म्हणते, आल्यावर ती बरी आहे हे गावात बोलू नये. जनाबाईकडे अजून एक परात आहे.

दुसरा ता. क. हे विहीणबाईंना वाचून दाखवू नये. ऐन ओला निघाला. चूल पेटत नाही, आणि धुराने आई खरोखरच खोकते आहे. आपल्याकडे वाळलेले लाकूड असेल तर कुंताच्या गाडीत, तिच्या गादीखाली, वरून धानाच्या तणसाने नीट झाकून पाठवावे. तिसरी गाडी गावाने पाहिली तर टिकाराम मडके घेऊन येईल.